काकवीच्या हातानं मारलेली रेघ

माझ्या हाताला काकवी लागलेली होती आणि त्याच हातानं मी एका गावाची माती ठरवून आलो. हे माझ्या लक्षात आलं अठरा दिवसांनी.

काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ पाक. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण वाचणारे सगळेच इकडचे असतील असं नाही. दूधगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठचं गाव. नाव सांगत नाही, कारण त्या लोकांनी मला बराच चहा पाजलाय. रानाच्या कडेला गुऱ्हाळ चालू होतं. चालू गुऱ्हाळावरून तसंच पुढं निघून जाणं आमच्याकडे अपमान समजतात. नक्की कुणाचा, ते मी कधी विचारलं नाही. बसलो. वाटीभर काकवी खाल्ली, बोटं चाटली, उरलेलं पँटीला पुसलं आणि गिरमिट घेऊन खालच्या रानात उतरलो.

मी सॉइल सर्व्हे करतो. कोल्हापुरातल्या एका लहान खाजगी कंपनीत पंचवीस वर्षं हेच काम. नातेवाईक विचारतात, काय करता? मी सांगतो, माती बघतो. त्यावर ते थोडा वेळ थांबतात आणि माझ्या बायकोला विचारतात, तुम्ही काय करता?

तर माती बघणं म्हणजे काय? लांब दांड्याच्या गिरमिटानं हातहातभर खालची माती वर काढायची. चिमूटभर तळहातावर घ्यायची, थोडं पाणी घालून मळायची आणि अंगठ्यानं दाबत तिची पट्टी काढायची. वाळू असेल तर कचकच लागते. पोयटा असेल तर मैद्यासारखी मऊ लागते, पण पट्टी जरा लांबली की तुटून पडते. चिकणमाती बोटांना चिकटते, चकाकते आणि तिची चांगली लांब पट्टी निघते. पोयटा म्हणजे वाळूपेक्षा पुष्कळ बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड असा कण. पूर येतो तेव्हा नदी-ओढे जो गाळ काठावर टाकून जातात, त्यात बहुतेक हाच असतो.

मी माती मळली. ती बोटांना सोडेना. वहीत लिहिलं, 'क्ले'. त्या गुऱ्हाळातला गुळव्याही पाक झाला का नाही ते अशीच चिमूट घेऊन, पाण्यात बुडवून बघत होता. फरक इतकाच की तो आधी हात धूत होता.

आता एका शब्दानं काय बिघडतं, ते सांगतो.

त्या गावाचं चाळीस घरांचं मिळून एक सलग रान क्षारपड झालं होतं. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून पाजून खालचं पाणी वर आलं, येताना मीठ घेऊन आलं. पांढरी साय धरल्यासारखी जमीन. ऊस उगवायचा, हातभर व्हायचा आणि पिवळा पडायचा. यावर उपाय असा की कमरेच्या वर खोल चर काढून भोकांचे प्लास्टिक पाइप पुरायचे. पाऊस वरनं मीठ धुतो, खारं पाणी पाइपात उतरतं, पाइप ते ओढ्याला नेऊन सोडतो.

पण चिकणमातीत साधा पाइप चालतो. तिचे कण एकमेकांना धरून असतात, भोकातून आत येत नाहीत. पोयट्याचे कण कुणाचेच नसतात. पाणी जिकडे जाईल तिकडे निघाले. म्हणून पोयट्यात पाइपाला कापडासारखा फिल्टर गुंडाळलेला लागतो. नाहीतर एकदोन पावसाळ्यांत पाइप गच्च. आणि कमरेएवढ्या खोल पुरलेले मैलभर पाइप कोण उकरून साफ करणार?

हे सगळं जमवून आणलं होतं दस्तगीरमामांनी. मामा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांचं रान सगळ्यात खाली, ओढ्याला लागून. पाइपाची मशीन आणायची तर सगळं रान एकाच वेळी मोकळं पाहिजे. म्हणजे सगळ्यांनी ऊस एकदम तोडायचा आणि खोडवा ठेवायचा नाही. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटून येणारं दुसरं पीक, जवळजवळ बिनकष्टाचं. ते सोडून द्या, असं चाळीस घरांना सांगायचं. चाळीसजण एका मताला येणं आमच्या जिल्ह्यात किती अवघड, ते इथली कुठलीही सोसायटीची निवडणूक बघून कळेल. मामांनी ते केलं. तीस वर्षं उभ्या माणसांना पुढं सरकवायची सवय, ती इथं कामाला आली.

माझा रिपोर्ट खरं तर लॅबच्या तपासणीनंतर जायचा. पण मशीनची तारीख अचानक अलीकडं आली. आमचे जाधवसाहेब म्हणाले, "देसाई, तुमचा हात म्हणजे लॅबच की. द्या सही." असं कुणी म्हटलं की माझी सही आपोआप होते. वरचं रान काळी चिकणमाती, खालचंही तेच, फिल्टरची गरज नाही. गावात रिपोर्ट वाचला गेला तेव्हा सगळे खूश. विशेष करून बाळूतात्या. मामांच्या शेजारची पट्टी त्यांची. म्हणाले, "आता सरकारी कागदावर आलं, माझं रान काळं हाय म्हणून." कागद सरकारी नव्हता, पण मी दुरुस्ती केली नाही.

मंगळवारी दुपारी लॅबमधून वैशालीचा फोन आला. वैशाली आमची लॅब सांभाळते.

"सर, खाली येता का? तुमचे खालच्या रानाचे सिलिंडर निवळलेत."

माती पाण्यात घुसळून उंच काचेच्या नळीत ठेवतात. वाळू मिनिटाच्या आत तळाला बसते. पोयटा काही तासांत. चिकणमातीचे कण दिवसदिवस तरंगत राहतात, पाणी गढूळच. मी खाली गेलो. वरच्या रानाचे सिलिंडर चहासारखे गढूळ होते. खालच्या रानाचे बरेचसे निवळलेले आणि तळाला वीतभर पिवळसर गाळ.

"लेबलं बदलली असतील," मी म्हणालो.

"लेबलं तुमच्याच अक्षरात आहेत सर. म्हणून तर मी दोनदा वाचली."

"मग घुसळायला कमी पडलं असेल."

"परत घुसळू? आत्ता तुमच्यासमोर?"

नको म्हणालो. पिशवीत उरलेली माती घेतली, बेसिनवर हात धुतले आणि मळली. मऊ, मैद्यासारखी. पट्टी नखाएवढी झाली आणि तुटली. पुन्हा काढली, पुन्हा तुटली. अठरा दिवसांपूर्वी हीच माती बोटाला सोडत नव्हती. वर जाऊन ड्रॉवरमधून त्या दिवसाची नोंदवही काढली. उघडेना. दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि शिवणीत पाचसहा मुंग्या मरून पडल्या होत्या. 'क्ले' हा शब्द त्याच पानावर होता.

मशीन शुक्रवारी येणार होती.

संध्याकाळी घरात माझा जीव एका जागी बसेना. टीव्ही लावला, बंद केला. गॅलरीत गेलो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तिसऱ्यांदा चप्पल घालताय, जायचंय कुठं?" जेवताना पोळी मोडली आणि तुकडा अंगठ्यानं दाबून बघत बसलो. मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते बघितलं आणि म्हणाली, "त्यात काही दोष नाही, जेवा."

बुधवारी उजाडता उजाडता स्कूटर काढली. मामा रानातच होते.

"आलासा व्हय सायब? आन एवढ्या सकाळी? चहा सांगतो."

"चहा नंतर मामा. खड्डा घ्यायचाय एक. तुमच्या रानात, पुरुषभर खोल."

"मशीन परवा यायलीय. आता कशाला खड्डा?"

"बघू या तर."

दोन गडी लावले. तासा-दीड तासात खड्डा झाला. मी आत उतरलो आणि सुरीनं एक बाजू वरपासून खालपर्यंत तासून घेतली. वरचा दीड हात काळा. तो बघूनच मी पहिल्यांदा फसलो होतो, काकवीला उगाच सगळा दोष देत नाही. वरच्या रानातली काळी माती पावसात वाहून खाली पसरली होती, तेवढीच ती. त्याच्या खाली तपकिरी, पिवळसर माती, थेट तळापर्यंत. एक खडा नाही. सुरी लोण्यात जावी तशी जात होती. नीट पाहिलं तर वहीच्या पानांसारखे बारीक थर दिसत होते आणि मध्येच दोनतीन काळपट रेघा.

"मामा, ह्या रेघा बघा. ही कधीतरी जमिनीची पाठ होती. त्यावर गवत होतं. मग पूर आला, गाळ बसला, पुन्हा गवत, पुन्हा पूर."

ओढा हजारो वर्षांत असा काठावर गाळ टाकत जातो. मग एखाद्या काळात तो खोल कापायला लागतो, स्वतः खाली उतरतो आणि त्याचा जुना काठ पायरीसारखा वर राहतो. पुन्हा पूर तिथं क्वचितच पोचतो. मामांचं रान म्हणजे ती पायरी. अशा पायऱ्यांवर माती खोल असते, एकसारखी असते, मुळांना सरळ खाली जाऊ देते. आमच्या वर्गीकरणात ती तरुण माती. थर अजून मोडलेले नाहीत, म्हणजे माती व्हायचं काम अर्धवटच झालंय. वरच्या रानातली काळी माती वयानं मोठी. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आतल्या आत घासते, आणि त्यामुळं तिच्या ढेकळांना घोटलेल्या फरशीसारखी चमक येते. पहिल्या फेरीला वरच्या रानात खणलेल्या खड्ड्यात मी ती चमक पाहिली होती. इथं तिचा पत्ता नव्हता. माणसाचं आडनाव बघावं तशी आम्ही मातीची सीरीज बघतो. मी दोन वेगळ्या घराण्यांना एकच आडनाव लावून मोकळा झालो होतो.

मामांना सगळं सांगितलं. काकवीसकट.

मामा खड्ड्याच्या काठावर बसले. हातातली माती चोळत राहिले.

"म्हंजे पाइप तुंबणार."

"साधा घातला तर हो."

"सायब, चाळीस घरात चहा प्यालोय मी. एकेका घरात चार चार डाव. खोडवा सोडा, खोडवा सोडा. माझ्या सुनंच्या माहेरच्यांनी सुदा सोडलाय." मूठ उघडून माती खाली सोडली. "ह्यो डाव फसला तर परत कोण सोडंल का? आन मला दारात तरी कोण हुबं करंल?"

मी खड्ड्यातूनच जाधवसाहेबांना फोन लावला. रेंज वर आल्यावरच मिळाली.

"साहेब, खालचा भाग पोयटा आहे."

"किती?"

"जवळजवळ निम्मं रान."

"देसाई, रिपोर्टवर सही कुणाची?"

"माझी. त्या दिवशी हाताला काकवी लागलेली होती, साहेब."

"शिक्का?"

"आपला."

"हं." मग म्हणाले, "फिल्टरचा पाइप पुढच्या बुधवारी येईल, म्हणजे मशीन आल्यावर सहाव्या दिवशी. मशीन आहे आठ दिवस, मग शिरोळला जातेय. थांबवणं माझ्या हातात नाही. सहा दिवस ती नुसती उभी राहिली तर दोन दिवसांत कसलं काम होतंय?"

"मग काय करू?"

"लोकांना सांगा."

"मी?"

"काकवी मी खाल्लेली का?"

साहेबांना काकवीचं सांगायला नको होतं.

हे काम खालून वर करत जायचं असतं, म्हणून साहेब मशीन उभी राहील म्हणाले. पाणी शेवटी ओढ्याला निघणार, तेव्हा आधी तोंड करायचं, मग वर सरकत जायचं. आणि खालीच फिल्टर हवा होता.

गावात सगळे एका जागी भेटतात ते सकाळी दूध संस्थेत. गुरुवारी सहा वाजता मी तिथं हजर. बरोबर तीन बादल्या, तीन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या आणि एक खिळा. बाटल्यांना खिळ्यानं भोकं पाडली, म्हणजे झाला पाइप. एका बादलीत वरच्या रानातली काळी माती, दोन बादल्यांत खालची. मध्ये बाटल्या उभ्या पुरल्या. तिसरी बाटली पुरण्याआधी तिला गुंडाळायला कापड पाहिजे होतं. संस्थेच्या टाकीवर दुधाचं गाळणीचं कापड वाळत होतं. घेतलं.

सेक्रेटरी आतून ओरडत आला. "अहो पावणं! गाळणीचं कापड हाय त्ये! उद्या दुधात माती गावली तर फॅट काय लावायचं मी, म्हशीचं का मातीचं?"

"नवीन आणून देतो."

"आदी आणा, मग घ्या की!"

एव्हाना किटल्या घेऊन माणसं गोळा झालेली. मी सांगायला सुरुवात केली. माझी चूक झाली, खालची माती चिकण नाही, पोयटा आहे. कशी चूक झाली? मी सांगितलं. सगळीकडं हशा. गुऱ्हाळवाला मात्र हसला नाही. म्हणाला, "म्हंजे आमच्या काकवीचा दोष व्हय आता?"

"काकवी चांगली होती हो."

"चिकट व्हती का न्हाय, त्ये सांगा."

"फार."

"मग झालं," म्हणत तो समाधानानं मागं झाला.

बाळूतात्या पुढं आले. धोतर, हातात दोन किटल्या. "पावणं, माझ्या आज्ज्यापास्नं काळं रान म्हणत्यात त्येला. सोयरीक आली तर पयलं इचारत्यात, रान काळं का तांबडं. इतकं दिस कागदावर काळं व्हतं, आन आज तुम्ही मला पीठ करून टाकलासा?"

"तात्या, पीठ वाईट नाही. भाजीपाल्याला तर—"

"भाजीपाला माळी करत्यात!"

मामांनी मग एसटीतला आवाज काढला. "चला, सरका, सरका! फुडच्यांनी खाली बसा, मागच्यास्नी दिसू द्या! तात्या, किटली खाली ठेव, दोघांची जागा अडवलीस तू."

माणसं खरंच सरकली. मी तिन्ही बादल्यांत तांब्यातांब्यानं पाणी ओतलं. दूध घालून झाल्यावरही सगळे थांबले, एरवी थांबत नाहीत. मग बाटल्या उपसल्या. काळ्या मातीतल्या बाटलीत वाटीभर पाणी, गढूळ, पण हलकं. खालच्या मातीतल्या साध्या बाटलीत तळापासून निम्म्यापर्यंत घट्ट गाळ. उलटी केली तरी पडेना. कापड गुंडाळलेल्या बाटलीत पाणी, जवळजवळ स्वच्छ.

सेक्रेटरीनं आपलं कापड हातात घेतलं, त्याच्यावर बसलेला गाळ बघितला आणि म्हणाला, "ह्ये मला रोजचं हाय. गाळल्याशिवाय टाकीत घेतो का मी?" माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा हे लोकांना लवकर कळलं.

पण फिल्टर यायला सहा दिवस, हे होतंच. तेही सांगितलं. गलका झाला. कुणी म्हणालं मशीन आडवी लावून ठेवू, शिरोळला जाऊच द्यायची नाही. कुणी म्हणालं खोडवा सोडायला लावला तवाच मी म्हणत व्हतो. मामा खाली बघत उभे होते. त्यांच्या बाजूला एक मोकळी जागा तयार झाली, ती मला बघवेना.

मशीनचा ऑपरेटर इरफान आदल्या दिवशीच जागा बघायला येऊन राहिला होता. कबनूरचा माणूस, घरी यंत्रमाग होते, ते विकून ह्या लाइनीत आला. इतका वेळ तो कट्ट्यावर चहा पीत ऐकत होता.

"मधला मोठा पाइप कुठला हाय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"सगळ्या बारक्या लाइनी ज्याच्यात पडत्यात, त्यो. त्येला भोकं हायत का?"

मोठ्या पाइपाला भोकं नसतात. तो नुसता पाणी वाहून नेतो. भोकं फक्त बाजूच्या बारक्या लाइनींना.

"मग त्येला फिल्टर कशाला? त्यो उद्यापास्नं वडून घेतो, वड्यापास्नं पार वरपर्यंत. मग वरच्या काळ्यातल्या बारक्या लाइनी जोडतो, साध्या पाइपाच्या. त्यात पाच-सहा दिस जात्यात. तवर तुमचं फडकं येतंय का बघा. खालच्या लाइनी शेवटाला. उलटं काम हाय, पर व्हतंय."

मी साहेबांना फोन केला. साहेब सगळं ऐकून म्हणाले, "मला तेच म्हणायचं होतं." फिल्टरचा जादा भार कंपनीनं उचलला आणि त्याबद्दल मला पुढं वर्षभर ऐकावं लागलं. ते रास्तच होतं.

सहावा दिवस बुधवार. ट्रक आला नाही. मी ओढ्याच्या पुलावर उभा, मामा घर आणि पूल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत. इरफानची वरची शेवटची लाइन दुपारी संपली. मशीन बंद झाली. तो शांततेचा अर्धा तास मला आवडला नाही. ड्रायव्हरला फोन लावत होतो, तो उचलत नव्हता. शेवटी ट्रक आला तो पलीकडच्या बाजूनं, गावाला वळसा घालून. ड्रायव्हर म्हणाला, "पत्त्यावर गुऱ्हाळाजवळ लिवलंय. हिथं गुऱ्हाळं किती हायत!" पत्ता मीच लिहून दिला होता.

दीड दिवसात खालच्या लाइनी झाल्या. एक सोडून. बाळूतात्यांनी आपल्या पट्टीत फडकं गुंडाळलेला पाइप घालू दिला नाही. "काळ्या रानाला फडकं लागत न्हाय," एवढंच. त्याआधी मला त्या पट्टीत गिरमिटही घालू दिलं नव्हतं. मामांनी सांगून पाहिलं, इरफाननं सांगून पाहिलं. वेळ नव्हता. त्यांच्या पट्टीत साधी लाइन गेली. मी नकाशा नव्यानं काढला. काळी आणि पोयटा यांच्यामधली रेघ तात्यांच्या पट्टीच्या वरून नेली, म्हणजे त्यांची पट्टी पोयट्यात. आणि मनात म्हणालो, बघू पावसाळ्यानंतर.

पावसाळा चांगला झाला. दिवाळीच्या आधी मी चेंबर बघायला गेलो. चेंबर म्हणजे सिमेंटची विहिरीसारखी टाकी, तिच्यात बारक्या लाइनींची तोंडं दिसतात. झाकण काढलं. मामांच्या लाइनीतून पाणी येत होतं, स्वच्छ, चव घेतली तर खारट. मामांच्या रानात ताग कमरेएवढा उभा होता. चारपाच वर्षांनी तिथं काही हिरवं उभं राहिलं होतं. मामांनी मला एकेक लाइन बोटानं मोजून दाखवली. "ही सुनंच्या माहेरची," असं एकीकडं दाखवून जरा जास्त वेळ थांबले.

शेवटचं तोंड तात्यांच्या पट्टीचं. त्यातनंही पाणी येत होतं. तितकंच. तितकंच स्वच्छ.

तात्या वर उभेच होते. "बघा पावणं, बिनफडक्याचं."

मी खाली वाकून हात घातला. गाळाचा कण नाही.

"आता तरी गिरमिट घालू देता का?"

"घाला की! कुठं घालायचं तिथं घाला."

घातलं. पाच ठिकाणी. काळी चिकणमाती, पाइपाच्या खालपर्यंत. ओढा जुन्या काळी वाट बदलतो तेव्हा एखादं वळण मागं टाकून जातो. त्या वळणात डबकं राहतं. डबक्यात पाणी हलत नाही, तेव्हा अगदी बारीक चिकणमाती सावकाश तळाला बसत जाते आणि डबकं भरून जातं. मग वरून सगळं सपाट. पोयट्याच्या पायरीत मध्येच चिकणमातीची एक जीभ. ही गोष्ट मी नवीन पोरांना शिकवतो. तात्यांची पट्टी बरोबर त्या जिभेवर होती, आणि मी तिथं न बघता रेघ मारली होती.

"काय निघालं?" तात्यांनी विचारलं.

"काळी."

"मी काय म्हणत व्हतो?"

त्यानंतर तात्यांनी मला घरी नेऊन जेवायला घातलं. ती शिक्षाच होती, कारण जेवताना दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून ते ही गोष्ट सांगत होते. सेक्रेटरीला दोनदा सांगितली.

ह्यातून मी जे शिकलो ते फार मोठं नाही. माती बघण्याआधी हात साबणानं धुतो. आणि जिथं गिरमिट घातलेलं नाही तिथं नकाशावर सलग रेघ काढत नाही, तुटक काढतो. साहेबांना तुटक रेघा आवडत नाहीत, क्लायंटला वाटतं काम अर्धवट आहे. मी म्हणतो, आहेच.

घरी आल्यावर मेधाला सगळं सांगितलं. ती हायस्कूलला गणित शिकवते आणि सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. मान वर न करता तिनं पूर्ण ऐकलं. मी शेवटी म्हणालो, "गंमत बघ, तात्यांनी काहीही न बघता सांगितलं आणि ते बरोबर निघालं."

"उत्तर बरोबर, पण रीत काय, तर आजोबांनी सांगितलं. अशाला मी पाचात एक देते."

"आणि मला?"

तिनं लाल पेनचं टोपण लावलं, थोडा विचार केला. "पहिल्यांदा रीतच चुकली. मग खाडाखोड करून दुरुस्त केली, ते दिसतंय. शेवटच्या पायरीला न करताच उत्तर लिहिलं." पुढचा पेपर ओढून घेत ती म्हणाली, "अडीच. आणि अर्धा मार्क खाडाखोड लपवली नाही म्हणून आहे, तो मागू नका, धरलाय त्यात."